‘पुट ऑफ’: पुढे ढकलणं, बोळवण करणं आणि मन उडणं

‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘ऑफ’ म्हणजे बंद. मग ‘पुट ऑफ’ म्हणजे बंद ठेवणं? शब्दकोशातून एकेक शब्द उचलून अशी बेरीज केली की उत्तर हमखास चुकतं. ‘द एक्झाम वॉज पुट ऑफ’ या वाक्यात परीक्षा कुणी बंद ठेवलेली नाही, ती पुढे ढकलली आहे. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने माझी खायची इच्छाच गेली. आणि ‘स्टॉप टॅपिंग, यू आर पुटिंग मी ऑफ’ असं म्हणणारा माणूस टेबलावर बोटं वाजवणाऱ्याला सांगतोय, की बाबा रे, माझी लिंक तुटतेय.

मराठी माणसाने यात बिचकायचं कारण नाही. ‘एकदाचं बोलून टाकलं’ म्हणताना आपण काही फेकत नाही. ‘काय करून बसलास?’ हे उभ्या असलेल्या माणसालाही विचारता येतं. दोन साधे शब्द जवळ आले की तिसराच अर्थ निघतो, ही चाल आपल्या भाषेत रोजची आहे. इंग्रजीत जोडीतला दुसरा शब्द क्रियापद नसतो, ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ असा छोटासा दिशा दाखवणारा शब्द असतो, एवढाच फरक.

‘पुट ऑफ’मध्ये खरं काम हा छोटा शब्दच करतो. ‘ऑफ’चा गाभा आहे सुटणं, दूर होणं. शर्टाचं बटण निघालं की ते ‘कम ऑफ’ होतं, विमान जमिनीवरून सुटलं की ‘टेक ऑफ’ होतं. दिव्याचा ‘ऑफ’ही त्याच घरातला, कारण तिथे प्रवाह तुटतो. आता ‘पुट’कडे ‘ठेवणं’ म्हणून न बघता ‘करून ठेवणं, नेऊन ठेवणं’ असं बघा. कामाला आजपासून दूर नेऊन ठेवलं, तर ते पुढे ढकललं गेलं. माणसाला दारापासून दूर ठेवलं, तर त्याची बोळवण झाली. मनाला ताटापासून दूर नेलं, तर मन उडालं. बघायला गेलं तर आपल्या ‘उडणं’चा स्वभावही असाच आहे: मन उडतं, लक्ष उडतं, रंग उडतो.

पहिला अर्थ: पुढे ढकलणं

रोजच्या वापरातला सगळ्यात मोठा वाटा याच अर्थाचा. मीटिंग, लग्न, ऑपरेशन, सहल, निर्णय, पैसे भरणं, जे जे ठरलेलं असतं किंवा करायचं असतं ते सगळं ‘पुट ऑफ’ होऊ शकतं. 2021 मध्ये एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा 14 मार्चला होती. ती ऐन तोंडावर पुढे ढकलल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि शेवटी परीक्षा 21 मार्चला झाली. हे इंग्रजीत सांगायचं तर, ‘दि एक्झाम वॉज पुट ऑफ फॉर अ वीक’, किंवा ‘इट वॉज पुट ऑफ टिल द ट्वेंटी-फर्स्ट’.

या दोन वाक्यांतले ‘फॉर’ आणि ‘टिल’ नीट बघा, कारण चुका इथेच होतात. किती काळाने ढकललं ते सांगताना ‘फॉर अ वीक’ किंवा ‘बाय अ वीक’. कोणत्या दिवसावर ढकललं ते सांगताना ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. ‘टिल’चं भाषांतर आपण ‘पर्यंत’ असं पाठ केलेलं असतं, म्हणून ‘टिल मंडे’ वाचल्यावर सोमवारपर्यंत काहीतरी चालू राहणार असं वाटतं. इथे तसं नाही. ‘पुट ऑफ टिल मंडे’ म्हणजे सोमवारवर ढकललं, मीटिंग सोमवारीच होणार. उलट बाजूने ‘पर्यंत’चं ‘अप टू’ करून ‘पुट ऑफ अप टू मंडे’ असंही लिहिलं जातं. ते चूक. तारीख ठरलीच नसेल तर ‘पुट ऑफ टू अ लेटर डेट’ म्हणून मोकळं व्हायचं.

‘बाय’ तर तीन वेषांत येतो. ‘पुट ऑफ बाय टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी, ‘पुट ऑफ बाय द चेअरमन’ म्हणजे अध्यक्षांनी, आणि ‘आय वॉज पुट ऑफ बाय हिज टोन’ म्हणजे त्याच्या बोलण्याच्या सुराने मी नाराज झालो. तिसऱ्या वाक्यात पुढे ढकलण्याचा संबंधच नाही. म्हणून वाक्यात कर्त्याच्या जागी कोण बसलंय ते आधी पाहावं. ‘द वेडिंग वॉज पुट ऑफ’ म्हणजे लग्न लांबणीवर पडलं. ‘द ब्राइड वॉज पुट ऑफ’ म्हणजे नवरीचंच मन उडालं, आणि मग लग्नाचं काय होईल सांगता येत नाही.

शब्दांची जागा हा पुढचा मुद्दा. नाम असेल तर ते ‘ऑफ’च्या आधी किंवा नंतर, कुठेही चालतं: ‘पुट ऑफ द मीटिंग’ किंवा ‘पुट द मीटिंग ऑफ’. सर्वनाम मात्र मधेच हवं. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक, आणि ही चूक कानाला लगेच टोचते. नाम लांबलचक असेल, म्हणजे ‘सोमवारी पुण्यात होणारी वार्षिक सभा’ एवढं मोठं, तर ते शेवटी टाकावं. नाहीतर ऐकणारा ‘पुट’ ऐकून ‘ऑफ’ची वाट बघत बसतो.

भूतकाळ सोपा आहे, कारण रूप बदलतच नाही: पुट, पुट, पुट. ‘पुटेड’ नावाचा शब्द नाही. त्यामुळे ‘आय पुट इट ऑफ’ हे वाक्य रोजच्या सवयीचं आहे की कालचं, ते संदर्भावरूनच कळतं. ‘ही’ असेल तर मात्र फरक ऐकू येतो, ‘ही पुट्स इट ऑफ’ आजचं आणि ‘ही पुट इट ऑफ’ कालचं. ‘पुटिंग’ लिहिताना टी दोनदा येतो. गोल्फमध्येही नेमक्या याच स्पेलिंगचा शब्द आहे, पण त्याचा उच्चार ‘पटिंग’ असा होतो.

‘पुढे’ आणि ‘फॉरवर्ड’: इथे खरा खड्डा आहे

मराठीत ‘पुढे ढकलली’ म्हणजे नंतर होणार. ‘पुढे’चं इंग्रजी ‘फॉरवर्ड’. म्हणून ईमेलमध्ये लिहिलं जातं, ‘द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू फ्रायडे’. लिहिणाऱ्याच्या मनात बुधवारची मीटिंग शुक्रवारी. इंग्लंडमधला वाचणारा मात्र समजतो की मीटिंग शुक्रवारच्याही नंतर होती, ती आता अलीकडे ओढून शुक्रवारी घेतली आहे. ‘ब्रिंग फॉरवर्ड’चा अर्थ ‘आधी घेणं’ असा आहे, म्हणजे ‘पुट ऑफ’च्या थेट उलट. आणि ‘पुश बॅक’ म्हणजे, ऐकताना कितीही ‘मागे’ वाटलं तरी, नंतर घेणं. ब्रिटिश इंग्रजीत ‘पुट बॅक’ही त्याच अर्थाने चालतं.

असं उलटंपालटं का? आपण काळाकडे रस्त्यासारखं बघतो. आपण चालतोय, उद्या पुढे आहे, परवा त्याच्याही पुढे. एखादी गोष्ट पुढे ढकलली की ती आपल्यापासून लांब गेली. ‘ब्रिंग फॉरवर्ड’मध्ये चित्र रेशनच्या रांगेचं आहे. आपण खिडकीत बसलोय, म्हणजे आजमध्ये, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार रांगेत उभे राहून आपल्याकडे येतायत. रांगेतल्या एकाला ‘पुढे घेतलं’ की त्याचा नंबर लवकर लागतो. ‘मागे ढकललं’ की उशिरा. रांगेतलं ‘पुढे’ आणि रस्त्यावरचं ‘पुढे’ यांची तोंडं विरुद्ध दिशेला आहेत.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे घसरतात. ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली’ असं सांगितलं की काही जण सोमवारी यायला निघतात, काही शुक्रवारी. ‘पुट ऑफ’चा मोठा फायदा हाच, की त्यात पुढे-मागेचा घोळ नाही. ते नेहमी नंतरच. आधी घ्यायचं असेल तर भारतात आपण बिनदिक्कत ‘प्रीपोन’ म्हणतो. हा शब्द इंग्रजी शब्दकोशांत पोचला आहे आणि इथल्या ऑफिसात त्याला काही अडचण नाही. परदेशातल्या माणसाला मात्र तो कळेलच असं नाही. ब्रिटिशांना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ आणि अमेरिकनांना ‘मूव्ह अप’ लिहावं, आणि दोन्ही वेळा जुनी तारीख, नवी तारीख वारासकट सरळ टाकावी. क्रियापद चुकलं तरी तारीख वाचवते.

ढकललं, रद्द केलं, खोळंबलं, तहकूब केलं

‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांत ‘ऑफ’ एकच असला तरी परिणाम फार वेगळे. 2020 मध्ये कोरोनामुळे टोकियो ऑलिम्पिक ‘पुट ऑफ’ झालं: 24 जुलै 2020 ला सुरू होणार होतं, ते 23 जुलै 2021 ला सुरू झालं. त्याच वर्षी विम्बल्डन ‘कॉल ऑफ’ झालं, म्हणजे त्या वर्षी स्पर्धा झालीच नाही. एकाचं तिकीट जपून ठेवायचं, दुसऱ्याचे पैसे परत मागायचे. व्यवहारात एवढा फरक पडतो.

गाडी ‘पुट ऑफ’ होत नाही. ती ‘डिलेड’ असते, कारण ती कुणी ठरवून पुढे नेलेली नसते, खोळंबलेली असते. ‘पुट ऑफ’मागे कुणाचातरी निर्णय हवा. सामन्याचंही तसंच: पावसाने सुरुवात तासभर लांबली तर ‘डिलेड’, राखीव दिवसावर नेला तर ‘पुट ऑफ’, आणि पंचांनी खेळ होणारच नाही म्हणून सोडून दिला तर ‘अबॅन्डन्ड’. सभा किंवा सुनावणी सुरू होऊन मधे थांबवली तर ‘अ‍ॅडजर्न’, आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, तहकूब. ‘स्थगित’ मात्र मोघम आहे. त्यात कधी नुसतं पुढे ढकलणं असतं, तर कधी बेमुदत थांबवणं. इंग्रजी करताना आधी विचारून घ्यावं की पुन्हा होणार आहे का.

‘पुट ऑफ’ हा बोलण्यातला आणि बातमीतला शब्द आहे. छोटा असल्यामुळे मथळ्यात छान बसतो. सरकारी पत्रात, नोटिशीत, करारात ‘पोस्टपोन’ लिहावं, हप्ता किंवा पैसे पुढे नेताना ‘डिफर’. ग्राहकाला पाठवायच्या ईमेलमध्ये ‘रीशेड्यूल’ बरं, कारण त्यात नवी वेळ दिली जाणार असं गृहीत असतं.

चालढकल

‘पुट ऑफ’नंतर दुसरं क्रियापद आलं की त्याला ‘इंग’ लागतंच. ‘आय केप्ट पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जायचं मी टाळत राहिलो. ‘पुट ऑफ टू गो’ असं इंग्रजीत होत नाही. आपली चूक होते कारण ‘जायचं पुढे ढकललं’ मधलं ‘जायचं’ मनात ‘टू गो’ होऊन बसतं.

या रचनेत अर्थाचा रंगही बदलतो. परीक्षा पुढे ढकलली यात नुसती माहिती आहे. ‘ही हॅज बीन पुटिंग ऑफ कॉलिंग हर’ यात मात्र अनिच्छा आहे, थोडी भीती आहे, आज-उद्या आज-उद्या आहे. याला मराठीत ‘चालढकल’ हा शब्द अगदी चपखल बसतो, त्यात ‘ढकल’ही आहे. भाषांतर करताना इथे ‘पुढे ढकलत आहे’ लिहिलं तर वाक्य बरोबर येतं आणि माणूस हरवतो. ‘तिला फोन करायची तो चालढकल करतोय’ असं लिहावं. इंग्रजीतली म्हण याच अर्थावर उभी आहे: ‘नेव्हर पुट ऑफ टिल टुमॉरो व्हॉट यू कॅन डू टुडे’. आपलं ‘आजचं काम उद्यावर टाकू नये’ हेच सांगतं, आणि ‘टिल टुमॉरो’ला आपला ‘उद्यावर’ किती नेमका जुळतो तेही त्यात दिसतं.

माणसाला पुट ऑफ करणं

आता कामाच्या जागी माणूस ठेवा. उधारी मागायला आलेल्याला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून परत पाठवलं, तर ‘ही पुट मी ऑफ विथ अ प्रॉमिस’. आश्वासनावर बोळवण केली. इथे ‘विथ’ महत्त्वाचा: कशावर बोळवण केली ते त्याच्या मागून येतं. ‘विथ अ‍ॅन एक्स्क्यूज’, ‘विथ अ व्हेग आन्सर’. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांना ‘आज नको, घरी आजारपण आहे’ असं कळवलं तर तेही ‘वुई हॅड टू पुट देम ऑफ’. त्यात तिरस्कार नाही, पण वाक्य तेवढंच ऐकलं तर पाहुण्यांना आपण नकोसं केलं असंही वाटू शकतं. म्हणून अशा जागी ‘टिल नेक्स्ट वीक’ जोडून द्यावं.

मन उडणं

हा अर्थ शाळेच्या पुस्तकात सहसा भेटत नाही आणि प्रत्यक्ष बोलण्यात सारखा येतो. किंमत, वास, बोलण्याची तऱ्हा, रिव्ह्यू, पहिलं पान, कशानेही माणूस ‘पुट ऑफ’ होतो. ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द प्राइस’ म्हणजे किंमत ऐकून मागे फिरू नका. ‘द लाँग फॉर्म पुट मेनी पीपल ऑफ’ म्हणजे तो लांबलचक फॉर्म बघूनच बरेच जण परत गेले.

कशावरून मन उडालं ते सांगायचं असेल तर ते ‘ऑफ’च्या लगेच मागे येतं, आणि माणूस मधे. ‘इट पुट मी ऑफ फिश फॉर लाइफ’, जन्मभरासाठी माशांवरून वासना उडाली. इथे शब्दांची अदलाबदल अजिबात चालत नाही. ‘पुट ऑफ मी फिश’ होत नाही, ‘पुट मी फिश ऑफ’ही नाही. क्रिया असेल तर पुन्हा ‘इंग’: ‘द अ‍ॅक्सिडेंट पुट हर ऑफ ड्रायव्हिंग’. ही बाई गाडी चालवायचं पुढे ढकलत नाहीये, त्या अपघाताने तिने गाडी चालवायची धास्तीच घेतली आहे. ‘शी पुट ऑफ ड्रायव्हिंग’ म्हटलं असतं तर मात्र नुसती चालढकल झाली असती. मधल्या एका ‘हर’ने सगळा अर्थ फिरतो.

याचं विशेषण उलट्या क्रमाने बनतं, ‘ऑफ-पुटिंग’. ‘हिज मॅनर इज ऑफ-पुटिंग’, त्याची वागण्याची तऱ्हाच माणसाला लांब ठेवते. मराठीत एकच शब्द शोधत बसू नये. खाण्याबद्दल असेल तर ‘शिसारी आणणारं’ थोडं जास्तच होतं, ‘नकोसं वाटणारं’ बहुतेक जागी चालतं.

लक्ष उडणं हा याचाच धाकटा भाऊ, आणि तो जास्त करून ब्रिटिश बोलण्यात भेटतो. कॅरमवर नेम धरलाय, समोरचा मुद्दाम खोकतो: ‘यू पुट मी ऑफ!’ अमेरिकन माणूस इथे बहुधा ‘यू थ्रू मी ऑफ’ म्हणेल.

जिथे वापरू नये

पंखा, लाइट, टीव्ही बंद करायला आपल्याकडे ‘पुट ऑफ द फॅन’ म्हणतात, त्याहून पुढे जाऊन ‘ऑफ द फॅन’. पहिलं इतरत्रही काही ठिकाणी ऐकू येतं, तरी लिहिताना ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ हेच बिनधोक. दुसरं मराठी ‘पंखा ऑफ कर’चं इंग्रजी सोंग आहे. तिथे ‘ऑफ’ क्रियापद नाही. आग, मेणबत्ती विझवणं ‘पुट आउट’.

वजनाचंही असंच फसतं. वजन वाढणं ‘पुट ऑन वेट’, म्हणून कमी होणं ‘पुट ऑफ वेट’ असेल अशी समजूत होते. नाही, ते ‘लूज वेट’. कपडे घालणं ‘पुट ऑन’, काढणं ‘टेक ऑफ’. एके काळी कपडे-चपला काढण्यालाही ‘पुट ऑफ’ चालत असे: 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये मोशेला आज्ञा होते, ‘पुट ऑफ दाय शूज फ्रॉम ऑफ दाय फीट’. आज देवळाबाहेर तशी पाटी लावली तर वाचणारा थबकेल, की चपला नंतर काढायच्या आहेत का.

ऐकताना एक लक्षात ठेवावं. भरभर बोलण्यात ‘पुट इट ऑफ’चे तीन शब्द राहत नाहीत. ब्रिटिश तोंडी ते ‘पुटिटॉफ’ होतं, अमेरिकन तोंडी जवळजवळ ‘पुडिडॉफ’. जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘पुट’वर नाही. बोलताना ‘पुट’वर जोर दिला तर समोरचा ठेवलेली वस्तू शोधायला लागतो.

आता ‘ही पुट मी ऑफ’ हे एकच वाक्य चार तोंडी घालून बघा. पैसे मागायला गेलेला दुकानदार म्हणतो, त्याने मला टोलवलं. स्थळ बघून आलेली मुलगी म्हणते, त्याच्या बोलण्याने माझं मनच उडालं. कॅरम खेळणारा म्हणतो, त्याने माझी लिंक तोडली. आणि बिनतिकीट सापडलेला प्रवासी कंडक्टरबद्दल म्हणतो, त्याने मला मधेच उतरवलं.